डाएट डबा लावण्याआधी करायचा हिशेब

डाएट डब्याच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो: ‘फक्त २२९ रुपयांपासून’. सगळी गोम त्या ‘पासून’मध्ये आहे. तो दर बहुतेक वेळा तीन महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्याला मिळतो, तोही शाकाहारी आणि सर्वांत लहान डब्यासाठी. त्यात जीएसटी नसतो, डबा पोहोचवण्याचा खर्च नसतो आणि तुम्ही न खाता फेकलेले डबे तर नसतातच. महिनाअखेरीस खिशातून गेलेली रक्कम खाल्लेल्या डब्यांनी भागली की २२९ चे साडेतीनशे झालेले दिसतात.

याचा अर्थ डबा लावूच नये असा नाही. काहींना तो खरोखर परवडतो आणि कामीही येतो. पण तुम्ही त्या ‘काहीं’मध्ये बसता का, हे पैसे भरण्याआधी कागदावर अर्ध्या-पाऊण तासात काढता येते. इथे पुण्या-मुंबईकडे मिळणाऱ्या, सीलबंद आणि कॅलरी मोजून दिल्याचा दावा करणाऱ्या महिनेवारी डब्यांबद्दलच लिहिले आहे. पावडरी आणि शेक हा वेगळा विषय. हिशेबात वापरलेले दर नमुन्याचे आहेत. तिथे तुमचे आकडे घाला.

विकत काय घेतो आहोत

डब्यासोबत तीन गोष्टी येतात: अन्न, अन्नाचे माप आणि ‘आज काय खायचे’ या प्रश्नातून सुटका. यातले अन्न स्वस्त असते. एक फुलका, वाटीभर मटकीची उसळ, ५० ग्रॅम पनीर घातलेली भाजी आणि काकडी-टोमॅटो असे साधारण ४२० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रथिनांचे जेवण घरी केले, तर जिन्नस आणि गॅस मिळून ५०-६० रुपयांत होते. त्यात निम्मे पैसे पनीरचेच असतात. डब्यासाठी वरचे सुमारे तीनशे रुपये मोजता ते मापाचे आणि सुटकेचे. म्हणून जो रोज घरचे खातो, ज्याच्या घरी कुणी मापात वाढून देणारे आहे, त्याला डब्यातून नवीन फारसे काही मिळत नाही. दुपारी ऑफिसात स्विगी-झोमॅटो आणि रात्री दमून पुन्हा तेच असे ज्याचे चालले आहे, त्याला बरेच मिळते.

आधी सध्याचा खर्च काढा

गेल्या चार आठवड्यांचे यूपीआयचे व्यवहार उघडा. बाहेरचे जेवण, मागवलेले जेवण, ऑफिसचे कॅन्टीन आणि संध्याकाळचे वडापाव-सामोसे असे चार रकाने करा. घरच्या जेवणासाठी फक्त जिन्नस आणि गॅस धरा. पोळ्यावाल्या मावशींचा पगार धरू नका, कारण तुमचा डबा सुरू झाला म्हणून त्यांचा पगार कमी होत नाही. दुधाचा रतीब आणि भाजीवाल्याचा हिशेबही जवळपास तसाच राहतो. घरात चौघे असतील आणि एकाचाच डबा लागला, तर किराण्यात वाचणारे पैसे अगदी किरकोळ असतात. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. ‘घरचा खर्च वाचेल’ असे धरतात आणि तो वाचत नाही.

मग कॅलरीची गरज

समजा ३४ वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७२ किलो वजनाची, बैठे काम करणारी स्त्री आहे. मिफ्लिन-सेंट जिओर या सूत्राने तिचा विश्रांतीतला कॅलरींचा खर्च असा निघतो: वजन × १०, अधिक उंची × ६.२५, वजा वय × ५, वजा १६१. पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. तिचा आकडा साधारण १३७५ येतो. थोड्याफार हालचालीसाठी त्याला १.४ ने गुणले की रोजच्या सुमारे १९२५ कॅलरी. त्यातून ४०० ते ५०० कमी केल्या, तर खाण्यासाठी १४५० ते १५०० उरतात. हा अंदाज आहे. तीन-चार आठवड्यांनी वजनाचा कल बघून तो दुरुस्त करायचा असतो.

आता डबा यात ठेवून बघा. दुपारचा ४०० आणि रात्रीचा ४०० असे दोन डबे घेतले, तर ६५०-७०० कॅलरी डब्याबाहेर उरतात. त्या कुठे जातात ते आधी ठरवावे लागते. प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेले, दाट दुधाचे तीन कप चहा म्हणजेच २५०-२७० कॅलरी. त्यावर पोह्यांची एक बशी आणि संध्याकाळची मूठभर शेव झाली की कोटा संपला. ‘डबा काटेकोर खाते, तरी वजन हलत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा डब्यात सापडत नाही, डब्याबाहेरच्या या ७०० कॅलरींत सापडते.

याच हिशेबाने जाहिरातीतले दावेही तपासता येतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. ‘महिन्यात ८ किलो’ म्हणजे ६१,६०० कॅलरी, म्हणजेच रोज २०५० ची तूट. वरच्या स्त्रीचा दिवसाचा एकूण खर्चच १९२५ आहे. ती महिनाभर निर्जळी उपाशी राहिली तरी गणित जुळत नाही. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते मुख्यतः पाणी असते. मीठ आणि पिष्टमय पदार्थ कमी झाले की ते जाते आणि पहिल्या लग्नाच्या पंगतीनंतर परत येते. खरा वेग आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास धरा आणि डब्याची किंमत त्या वेगावर तोला.

खाल्लेल्या डब्याचा खरा दर

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे जाहिरातीतला दर आणि उजवीकडे हा हिशेब:

- महिन्याच्या योजनेचा दर २६५ रुपये (२२९ तीन महिन्यांच्या योजनेचा होता). २४ दिवस, दोन वेळा, म्हणजे ४८ डबे: १२,७२० रुपये.
- त्यावर ५ टक्के जीएसटी: ६३६. कुणी दर कर धरून सांगतो, कुणी वगळून. आधीच विचारा.
- पोहोच खर्च, फेरीला २५ रुपये. दोन वेळा दोन फेऱ्या, म्हणजे ४८ फेऱ्या: १,२००.
- डब्यासोबत लागणारे, पण डब्यात नसलेले फळ, दही, दूध, रोजचे ४० रुपये: ९६०.

एकूण १५,५१६ रुपये झाले. आता ४८ ने भागायचे नाही. अचानक आलेली मीटिंग, मैत्रिणीचा वाढदिवस, आंबलेली कोशिंबीर, ‘आज हे नकोच’ अशा कारणांनी पाच डबे वाया गेले असे धरा, तरी खाल्लेले ४३ च. १५,५१६ भागिले ४३ म्हणजे डब्यामागे ३६१ रुपये.

यातून जुना खर्च वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एकीने आधी २४ दुपारी २८० रुपयांचे मागवले होते, आठ रात्री ३५० चे, आणि उरलेल्या १६ रात्री घरी ७० रुपयांत जेवली होती. तिचा जुना खर्च १०,६४० होता, म्हणजे डब्याचा खरा बोजा ४,८७६ रुपये. दुसरी दोन्ही वेळा घरचेच जेवायची. तिचा जुना खर्च ३,३६० होता, त्यामुळे तिला तोच डबा महिन्याला १२,१५६ रुपयांना पडतो. दोघींनी एकाच स्वयंपाकघरातला एकच डबा घेतला आहे. म्हणून ‘डबा महाग आहे का’ या प्रश्नाला डब्याकडे बघून उत्तर देता येत नाही.

खर्च कमी करायच्या दोन जागा लगेच दिसतात. काही स्वयंपाकघरे दोन्ही वेळचे डबे थंड करून एकाच फेरीत देतात. त्याने पोहोच खर्च निम्मा होतो, पण ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह हवा. दुसरी, आणि आमच्या मते शहाणपणाची, म्हणजे फक्त सोमवार ते शुक्रवार दुपारचाच डबा लावणे. मागवलेल्या जेवणाची जागा घेणारा डबा तेवढाच असतो. रात्रीचा डबा सहसा घरच्या जेवणाच्या जागी येतो, म्हणून तोच सर्वांत महाग पडतो.

चाचणीचे पाच दिवस

एका डब्याची चाचणी घेऊन उपयोग नाही. पहिला डबा चांगलाच येतो. सलग पाच कामाच्या दिवसांचे डबे, महिनाभर जिथे खाणार त्याच पत्त्यावर मागवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा लागेल. तो चार-सहाशे रुपयांत मिळतो आणि डबा बंद केल्यावरही कामाला येतो.

पहिली तपासणी काट्याशिवाय होते. लेबलवरची प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी ४ ने गुणा, स्निग्ध पदार्थ ९ ने, आणि बेरीज करा. लेबलवर ३८० कॅलरी लिहिल्या आहेत, पण प्रथिने ३०, कर्बोदके ४५ आणि स्निग्ध १८ ग्रॅम दिले आहेत असे समजा. १२० + १८० + १६२ = ४६२. थोडाफार फरक तंतूंमुळे (फायबर) पडतो, पण ८२ कॅलरींचा फरक तंतूंचा नसतो. असे लेबल कुणीतरी कुठून तरी उतरवून चिकटवलेले असते. याबद्दल विचारल्यावर स्वयंपाकघर काय उत्तर देते, त्यावरून पुढचा महिना कसा जाईल याची कल्पना येते.

दुसरी तपासणी वजनाची. डब्यातला प्रत्येक पदार्थ वेगळा काढून पाचही दिवस जोखा आणि लिहून ठेवा. भात एका दिवशी १२० ग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी १८० भरला, तर तेवढ्यानेच सुमारे ८० कॅलरी वाढल्या. वाढणाऱ्याच्या हातात डाव आहे की वजनकाटा, हे इथे कळते. प्रथिनांचा पदार्थ तर नक्की जोखा. ‘१०० ग्रॅम चिकन’ कच्चे की शिजलेले, हे विचारा. कच्चे १०० ग्रॅम शिजून ७०-७५ ग्रॅम भरते. शिजलेल्या १०० ग्रॅम छातीच्या मांसात साधारण ३० ग्रॅम प्रथिने असतात, पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८-१९, एका अंड्यात ६, आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात ६-७. शाकाहारी डब्यावर ‘३० ग्रॅम प्रोटीन’ लिहिलेले असेल आणि आत पनीरचे चार तुकडे नि अर्धी वाटी वरण असेल, तर मनात बेरीज करून बघा. ती वीसच्या पुढे सहसा जात नाही. सोया चंक्स, भरपूर पनीर किंवा टोफू असल्याशिवाय शाकाहारी डब्यात ३० गाठणे अवघड आहे.

दिवसाला किती प्रथिने हवीत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम दिले आहे, म्हणजे ७२ किलोच्या स्त्रीला ६०. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून याहून थोडे अधिक धरतात. दोन डबे मिळून ४० ग्रॅम खरोखर देत असतील, तर बाकीचे नाश्ता आणि दुधा-दह्यातून भागते. दोन्ही मिळून २५ च देत असतील, तर तुम्ही महागडी कोशिंबीर विकत घेत आहात.

तिसरी तपासणी तेलाची. यासाठी घरगुती उपायच आहे. डबा रिकामा झाला की त्यात कढत पाणी ओतून दोन मिनिटे थांबा. वर तुरळक ठिपके आले तर ठीक. पूर्ण तवंग आला तर फोडणीला हात सैल आहे. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी आणि एक मोठा चमचा म्हणजे १२०. ४०० कॅलरींच्या डब्यात एक मोठा चमचा चुकून जास्त पडला तर डबा ५२० चा झाला, आणि चव छान लागल्यामुळे तुम्ही तक्रारही करणार नाही. ज्या दिवशी डबा विलक्षण चविष्ट लागेल, त्या दिवशी हे कढत पाणी जरूर ओतून बघा.

चौथी तपासणी पोट भरण्याची. एकूण कॅलरी भागिले एकूण ग्रॅम असा भागाकार करा. तो १ ते १.२ च्या आसपास आला, म्हणजे ४०० कॅलरीला ३५०-४०० ग्रॅम अन्न मिळाले, तर चार वाजेपर्यंत तग धरता येतो. तो १.६ च्या वर गेला, म्हणजे तेवढ्याच कॅलरी २५० ग्रॅमात कोंबल्या असतील, तर साडेतीनला बिस्किटाचा पुडा उघडणार. रॅप, सँडविच आणि पास्त्याचे डबे इथे नापास होतात. उसळ, भाज्या, ताक आणि सूप असलेले डबे उत्तीर्ण होतात.

डबा किती वाजता शिजला

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिले की जंतू वाढतात. त्या पट्ट्यात ते दोन तासांहून जास्त राहू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुपारचा गरम डबा पहाटे पाच-सहाला शिजतो, साडेअकराला पोहोचतो आणि मीटिंग लांबली की दोनला उघडतो. पाठवताना तो गरम असला तरी प्लास्टिकच्या डब्यात तासाभरात कोमट होतो. भात, पनीर, चिकन आणि कच्चे मोड यांना हा प्रवास सर्वांत जास्त बाधतो. भातातले काही जंतू असे विष तयार करतात की तो पुन्हा गरम करूनही ते जात नाही.

म्हणून विचारायचे प्रश्न तीन: शिजवून संपते किती वाजता, डबे गरम पेटीतून येतात की साध्या पिशवीतून, आणि थंड डबा असेल तर शिजल्यावर तो किती वेळात ५ अंशांखाली नेतात. कागदावर वाचायला निरुत्साही वाटले तरी नीट थंड करून पाठवलेला डबा कोमट डब्यापेक्षा सुरक्षित असतो. तो आला की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. गरम करताना कोशिंबीर, चटणी, दही बाजूला काढा, झाकण सैल करा, मध्ये एकदा ढवळा, आणि मधोमधही वाफ निघेपर्यंत गरम करा. वरून गरम आणि आत गार राहणे ही मायक्रोवेव्हची खोडच आहे.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक डब्यावर किंवा बिलावर असतो. अन्न परवान्यांच्या ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे का, हे दिसते. पत्ता स्वयंपाकघराचा आहे ना, तेही बघा.

खाडे, परतावा आणि आपोआप कटणारे पैसे

साध्या मेसमध्येही खाड्यांवरून भांडणे होतात. डाएट डब्यात फक्त ती ॲपमध्ये होतात, आणि ॲप तुमच्याशी वाद घालत नाही. पैसे भरण्याआधी या गोष्टी चॅटवर किंवा ईमेलवर लेखी घ्या: खाडा किती वाजेपर्यंत सांगायचा, महिन्याला किती खाडे चालतात, ते पुढे किती दिवस टिकतात, आणि शनिवार-रविवार योजनेत आहेत की नाहीत.

मग भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि येत्या महिन्यातले न जेवायचे दिवस आधीच मोजा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, ठरलेली लग्ने, गावाला जाणे. गणपती किंवा दिवाळीच्या महिन्यात महिन्याची योजना घेणे म्हणजे सात-आठ डबे दान करणे. उपासाचा डबा मिळतो का, हेही विचारा. साबुदाण्याची खिचडी येणार असेल, तर तेवढ्यासाठी डाएट डब्याचा दर देण्याचे कारण नाही.

परताव्याचा एक सापळा नीट समजून घ्या. ४८ डब्यांच्या योजनेतून तुम्ही १२ खाऊन बाहेर पडलात. तुमच्या हिशेबाने उरलेल्या ३६ डब्यांचे ९,५४० रुपये (कर वगळून) परत यायला हवेत. पण अटींमध्ये ‘वापरलेले डबे सुट्या दराने धरले जातील’ असे वाक्य असते. सुटा दर ३२० असेल, तर १२ डब्यांचे ३,८४० गेले. शिवाय १० टक्के रद्द करण्याचे शुल्क, १,२७२. हातात ७,६०८ येतात. १,९३२ रुपयांचा हा फरक लपवलेला नसतो, फक्त कुणी वाचलेला नसतो.

तीन महिन्यांची सवलत म्हणूनच पहिल्या खेपेला घेऊ नका, मग डब्यामागे ३६ रुपये का वाचेनात. १९८३ मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या जेनी क्रेग या वजन-घटवणीच्या जेवणांच्या नामांकित कंपनीने मे २०२३ मध्ये आपली केंद्रे बंद केली. तो ब्रँड पुढे दुसऱ्यांनी विकत घेऊन पुन्हा सुरू केला, पण एवढा जुना धंदाही रातोरात थांबू शकतो. गल्लीतल्या, फक्त डबे पाठवणाऱ्या क्लाउड किचनची काय कथा.

ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना बहुतेकजण वाचत नाहीत. डब्याचे ॲप फोनमधून काढून टाकल्याने कपात थांबत नाही. तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या भागात जाऊन मंजुरी तिथून रद्द करा. सुरू करणे एका बोटाचे आणि बंद करणे सात पानांचे, अशी रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैरप्रकारात मोडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि तिथे ते लेखी चॅट उपयोगी पडते.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी जेवणातले पिष्ट अचानक निम्मे केले आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर धोकादायक खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे चालू असताना ‘केटो’ (जवळपास पिष्टच नसलेला) डबा लावल्यास कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तातले आम्ल धोकादायक वाढण्याचा धोका असतो, आणि त्यात रक्तातली साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना जास्त प्रथिनांचा डबा चालत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले आणि खाण्याच्या विकारातून गेलेले लोक यांच्यासाठी हे डबे नाहीतच. दिवसाला ८०० कॅलरींखालचा आहार फक्त वैद्यकीय देखरेखीत घ्यायचा असतो. फार वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

पॅकेजमध्ये ‘आहारतज्ज्ञांचा सल्ला मोफत’ असेल, तर त्या व्यक्तीची पदवी विचारा. फॉर्म भरल्यावर तुमची औषधे न विचारताच तक्ता आला, तर तो सल्ला नव्हे.

महिनाभरात काय बिघडते

पहिल्या आठवड्यात बद्धकोष्ठ. अन्न कमी झाले की पाणी आणि तंतूही कमी होतात. रोजची एक काकडी, एक पेरू आणि दोन ग्लास जास्त पाणी याने बहुतेकांचे भागते. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची भूक. त्यासाठी भाजलेले चणे, ताक किंवा उकडलेले अंडे असे काही आधीच जवळ ठेवा आणि त्याच्या कॅलरी मोजून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा, कारण बहुतेक स्वयंपाकघरांचा तक्ता दहा-बारा पदार्थांचा असतो आणि सॉस बदलून तोच फिरतो. पुढच्या चार आठवड्यांचा तक्ता आधीच मागून घ्या आणि नावे काढून फक्त मूळ जिन्नस वाचा. ‘मेक्सिकन बोल’ आणि ‘राजमा राइस’ एकच निघतात.

शनिवार-रविवार सर्वांत महाग पडतात. सोमवार ते शुक्रवार रोज ४५० ची तूट म्हणजे २,२५० कॅलरी. शनिवारी बिर्याणी आणि गोड, रविवारी मिसळ आणि रात्री पिझ्झा असे झाले, तर रोज ८०० जास्त, म्हणजे १,६००. आठवड्याअखेर हातात ६५० उरतात, आणि त्या वेगाने एक किलो उतरायला जवळपास तीन महिने लागतील. डब्याचे पैसे मात्र पूर्ण गेले.

वजन रोज सकाळी शौचानंतर बघा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीचीच करा. सोबत कंबर नाभीच्या पातळीवर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. चार आठवड्यांत सरासरी वजन एक किलोनेही खाली आले नाही आणि कंबरही हलली नाही, तर दुसऱ्या महिन्याचे पैसे भरू नका. आधी डब्याबाहेरचे खाणे आठवडाभर लिहून काढा.

बाहेर पडायचे कसे

डबा सोडल्यावर वजन परत येते ही तक्रार खरी आहे, कारण मापाची अक्कल डब्यात राहते, खाणाऱ्याच्या हातात येत नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत (निष्कर्ष २०१७) तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ कॅलरींचा फॉर्म्युला (शेक-सूपचा) आहार दिला होता. त्यानंतर साधे जेवण दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत आणले आणि पुढेही दर महिन्याला पाठपुरावा ठेवला. मधला टप्पा तिथे योजनेचा भागच होता. आपल्याकडच्या डबा योजनांमध्ये तो क्वचितच सापडतो, म्हणून तो स्वतः करावा लागतो.

पहिल्या दिवसापासून रिकामे डबे धुऊन ठेवा. कप्पे पाडलेला तो काळा डबा हेच तुमचे माप. दुसऱ्या महिन्यात रात्रीचे घरचे जेवण ताटात वाढण्याऐवजी त्याच कप्प्यांत भरा: पोळीच्या जागी पोळी, उसळीच्या जागी उसळ. सोबत काट्यावर जोखा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत डोळ्याला सवय लागते. मग दुपारचे डबे पाचावरून तीनवर आणा, आणि उरलेल्या दोन दिवशी त्याच डब्यात घरचे न्या. त्यानंतर एक. ज्या दिवशी प्रवास किंवा रात्रपाळी असेल, तेवढ्यापुरता सुटा डबा महाग दराने घेतला तरी महिन्याचा खर्च हजाराच्या आत राहतो.

घरी तेवढ्याच मापात राहायचे तर तेलाचे गणित स्वयंपाक करणाऱ्याला आधी सांगावे लागते. माणशी महिन्याला सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर एवढेच तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि मावशींना सांगा, की महिनाभर हेच पुरवायचे. ‘तेल कमी घाला’ असे रोज म्हणत राहण्यापेक्षा बरणीची खूण जास्त ऐकली जाते. कडधान्ये रविवारी भिजत घाला, मंगळवारपर्यंत मोड येतात. ३०-३० ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या मापाने मोडांच्या पुड्या करून फ्रीजमध्ये ठेवल्या की आठवड्याच्या दुपारी सुटतात. पनीर घेताना मोठा ठोकळा घ्या, घरी आणल्यावर ५० ग्रॅमचे तुकडे करा आणि दोन-तीन दिवसांचे सोडून बाकीचे गोठवा.